सुरुवातीच्या तीनचाकी सायकली: बैठक आणि फ्रेम कुठे चुकत होती, कशी सुधारली

विचारलेला प्रश्न असा आहे: १८७०-८० च्या काळातल्या इंग्लिश तीनचाकी सायकलींच्या चित्रांत खुर्चीसारखी गादी आणि वाकवलेल्या नळ्यांची उघडी फ्रेम दिसते. त्यात नेमके दोष काय होते, ते पुढे कसे दूर झाले, आणि आज त्या घाटाची, पण रस्त्यावर खरोखर चालवता येईल अशी सायकल बांधायची तर सीट आणि फ्रेममध्ये काय बदलावं?

फ्रेम बांधणं आणि जुन्या सायकली उभ्या करणं हेच माझं काम, म्हणून सविस्तर लिहितो. आधी मुख्य मुद्दा. सीट आणि फ्रेम हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. माणूस एक्सलच्या (चाकांच्या आडव्या दांड्याच्या) किती वर बसतो, एक्सलच्या किती पुढे बसतो आणि पेडलच्या किती मागे बसतो, या तीन गोष्टी ठरल्या की फ्रेमच्या कुठल्या नळीवर किती ताण येणार हेही ठरून जातं. त्या काळी बरीच मेहनत गादी गुबगुबीत करण्यात आणि नळी जाड करण्यात गेली. खरा फरक पडला तो बसण्याची जागा हलवल्यावर.

थोडी पार्श्वभूमी. तेव्हाची दुचाकी म्हणजे पुढे उंच चाक आणि मागे छोटं. तिच्यावरून तोंडावर पडण्याची भीती कायम असे. घोळदार पोशाखातल्या बायका, वयस्क माणसं, रोग्यांकडे जाणारे डॉक्टर यांच्यासाठी तीन चाकांची गाडी हवी होती. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७६ मध्ये ‘कॉव्हेंट्री लीव्हर’ आणली. एका बाजूला एक मोठं चाक, दुसऱ्या बाजूला एकामागे एक दोन छोटी चाकं आणि मधे चालवणारा. लीव्हरऐवजी पेडल आणि चेन आल्यावर तिचीच ‘कॉव्हेंट्री रोटरी’ झाली. १८७७ मध्ये त्याची ‘साल्व्हो’ आली, दोन्ही बाजूंना मोठी चाकं आणि पुढे वळवायचं छोटं चाक असलेली. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने अशा दोन सायकली मागवल्या, म्हणून नाव पडलं ‘रॉयल साल्व्हो’. पुढच्या काही वर्षांत एकट्या कॉव्हेंट्रीत वीसेक कारखाने तीनचाकींचे शंभराहून जास्त नमुने बनवत होते. एवढे नमुने असण्याचं कारण साधं आहे. योग्य मांडणी कोणती हे अजून कोणालाच सापडलं नव्हतं.

आता बैठक. घोड्याच्या केसांनी भरलेली सपाट गादी, मागे छोटी पाठ, खाली स्प्रिंगा, आणि हे सगळं एल आकाराच्या दांडीवर. दांडी एका उभ्या सॉकेटमध्ये बसवून स्क्रूने आवळायची. घरातली खुर्ची आरामाची म्हणून सायकलवरही खुर्ची, एवढाच तो विचार होता. पण खुर्चीत माणूस स्वस्थ बसतो आणि सायकलवर तो पायाने जोर लावतो. पेडल सीटच्या खाली पण बरंच पुढे असलं की पायाचा जोर तिरका जातो. पेडलवर जितका जोर, तितकाच जोर उलट दिशेने कमरेवर येतो आणि माणूस गादीवर मागे सरकतो. मागे सरकला की पाय पुरत नाही, म्हणून पुन्हा पुढे यायचं. चढावर हे दर फेरीला होतं. शिवाय रुंद गादीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतते आणि पाय खाली पूर्ण सरळ होत नाही. सरळ न होणाऱ्या पायाने मैलोन्मैल पेडल मारलं की गुडघा बोलायला लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाठ असलेली सीट मुळात चूक नाही. आजच्या रेललेल्या तीनचाकीत पाठ लागतेच, कारण तिथे पेडल जवळजवळ सीटच्याच उंचीवर, सरळ समोर असतं आणि पायाचा सगळा जोर पाठ झेलते. दुसरं टोक म्हणजे पेडल जवळपास सीटखाली, जिथे शरीराचं वजनच पायाच्या मदतीला येतं आणि पाठीची गरज उरत नाही. सुरुवातीच्या तीनचाकी या दोन्हींच्या मधे अडकल्या होत्या. पेडल इतकं पुढे की वजन कामी येत नाही, आणि इतकं खाली की पाठ टेकूनही जोर लागत नाही. बाजूच्या दोन उभ्या मुठींचा चालवणाऱ्यांना आधार होता. त्या वर ओढून माणूस स्वतःला गादीवर दाबून ठेवत असे. पण त्याच मुठींपैकी एकीने वळायचंही होतं, म्हणजे जोर लावताना दिशा हलायची.

दुसरा दोष उंचीचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठी चाकं पन्नासेक इंची. एक्सल मधून आरपार जाणार, म्हणजे ती जमिनीपासून सुमारे ६३ सेंटीमीटरवर. बसायचं तिच्या वर. शरीराचा गुरुत्वमध्य सहज एक मीटरच्या पुढे जातो. आता एक चाक ५ सेंटीमीटरच्या दगडावर चढलं असं समजा. दोन चाकांतलं अंतर ८० सेंटीमीटर असेल तर गाडी साधारण साडेतीन अंशांनी कलते आणि एक मीटर उंचीवरचा माणूस ६ सेंटीमीटर आडवा फेकला जातो. दुचाकीवर हे होत नाही, कारण ती दगडावरून सरळ वर उचलली जाते. गादीखालच्या स्प्रिंगा वर-खाली बसणारा दणका शोषतात, आडव्या झोक्यापुढे त्यांचं काही चालत नाही. उलट स्प्रिंग जितकी मऊ आणि उंच, तितका माणूस वर डोलतो. तीनचाकीच्या सीटवर स्प्रिंग वाढवून आराम वाढत नाही असं मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा त्यांना पटत नाही, पण एकदा उंच स्प्रिंगवर बसवून खडबडीत गल्लीतून फिरवून आणलं की पटतं.

मग उंची कमी का नाही केली? कारण चाक लहान करता येत नव्हतं. टायर भरीव रबराचे, रस्ते खडीचे. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि दणका जास्त देतं. ही गाठ कशी सुटली ती गोष्ट तीनचाकीचीच आहे. बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने हवेचे टायर केले ते आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी, आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना मांडून पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ती चालली नाही. हवेच्या टायरने दणका चाकाशीच अडवला, म्हणून चाक लहान करता आलं, म्हणून एक्सल खाली आली, म्हणून माणूस खाली आला. सीटच्या सगळ्यात मोठ्या सुधारणेला सीटचा एक खिळाही बदलावा लागला नाही.

सीटची स्वतःची सुधारणा म्हणजे ताणलेल्या चामड्याचं खोगीर. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्सने १८८२ मध्ये अशा खोगिराच्या पेटंटसाठी अर्ज केला. यात गादी भरलेली नसतेच. जाड चामडं पुढच्या आणि मागच्या टोकांना झोळीसारखं ताणून धरलेलं असतं, आणि सैल पडलं की पुढचा नट फिरवून पुन्हा ताणता येतं. काही शे किलोमीटर चालवल्यावर बसायच्या दोन हाडांखाली चामडं थोडं दबतं आणि त्या माणसाच्या मापाचं होतं. भरलेल्या गादीत उलटं घडतं. भरण मधून बाजूला सरकतं आणि ज्या मऊ भागावर दाब नको तिथेच उंचवटा येतो. खोगिराचं नाक अरुंद असल्याने मांड्यांना वाट मिळाली, त्यामुळे सीट पुढे सरकवता आली, पेडल खाली आलं आणि पाय सरळ झाला. इथे बैठकीचा प्रश्न फ्रेमच्या हातात गेला, कारण पुढे सरकलेल्या खोगिराला धरायला जुन्या उघड्या फ्रेममध्ये नळीच नव्हती.

जुनी फ्रेम उघडी का होती ते समजून घ्या. घोळदार कपड्यांत चढता-उतरता यावं म्हणून पुढचा भाग मोकळा ठेवत आणि एक नळी वाकवून बाजूने फिरवत. वाकवलेली उघडी नळी वजन उभं पेलते, पण पिळाला फार कमजोर असते. पेडल मारताना एकदा डावा, एकदा उजवा जोर येतो आणि तो पिळच असतो. बंद त्रिकोण ही कसर भरून काढतो, उघड्या कमानीला ते जमत नाही. रोटरीत तर जोर एकाच बाजूच्या चाकाला मिळे, त्यामुळे दर फेरीला गाडी एका बाजूला ओढ घेई. पलीकडची दोन्ही छोटी चाकं एकाच वेळी उलट दिशांना वळत, त्यामुळे ती ओढ सावरली जाई. यंत्र म्हणून ते सुरेख आहे, पण फ्रेमवरचा तिरका ताण त्याने जात नाही.

दोन्ही बाजूंना सारखा जोर देण्यासाठी साल्व्होत डिफरन्शिअल आलं, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी. मूळ कल्पना पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाची, १८२० च्या दशकाच्या शेवटची. सायकलवर ती १८७७ मध्ये स्टार्लीने आणली. स्टार्ली बापलेक शेजारी बसून एकेक चाक हाकत होते, तरुण मुलाचा जोर जास्त पडला आणि दोघं रस्त्याकडेला जाऊन पडले, त्यातून ही युक्ती सुचली असं सांगतात. काही असो, डिफरन्शिअलमुळे एक्सल दोन तुकड्यांची झाली आणि फ्रेमवाल्यांपुढे नवं काम उभं राहिलं: दोन अर्ध्या एक्सल एका रेषेत धरून ठेवायच्या कशाने? त्याचं उत्तर म्हणजे एक्सलला समांतर, तिच्या वरून जाणारी एक भक्कम आडवी नळी आणि तिला लटकणारी चार बेअरिंगं. दोन चाकांजवळ, दोन डिफरन्शिअलजवळ. चाकाजवळ बेअरिंग आल्याने एक्सलचं बाहेर लोंबणारं टोक आखूड झालं. लोंबतं टोक निम्मं झालं की वाकवणारा जोरही निम्मा होतो. माझ्या मते तीनचाकी फ्रेमच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी दुरुस्ती आहे, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तीनचाकींत ती दिसत नाही.

मांडण्यांचं बोलायचं तर मागच्या चाकाने वळणारी जात सगळ्यात धोक्याची. पुढे दोन मोठी चालवती चाकं, मागे छोटं वळणारं. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि नेमकं हवं तेव्हा वळणं हातातून जातं. हंबर या इंग्लिश कंपनीच्या एका नमुन्यात पुढची दोन चाकं आख्ख्या एक्सलसकट हँडलने वळत आणि चालवणारा मागच्या कण्यावर खोगिरावर बसे. वेगवान होती, पण सरळ ठेवायला कसब लागे. १८८४ च्या सुमारास हंबरची ‘क्रिपर’ आली, रॉबर्ट क्रिप्स या शर्यतवाल्याच्या नावावरून. मागे दोन चालवती चाकं, पुढे एक चाक, त्याच्या चिमट्यावर (फोर्कवर) थेट हँडल, मधे खोगीर आणि जवळजवळ त्याखाली पेडल. पुढे चाकं सारख्या मापाची झाली, १८९० च्या दशकात पुढचा भाग दुचाकीच्या बंद फ्रेमसारखा झाला, आणि तो साचा आजवर टिकला.

आता तुमच्या गाडीचं. मांडणी क्रिपरचीच घ्या आणि कागदावर आधी माणूस बसवा, मग नळ्या काढा. पायाची आतली उंची, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत, मोजा. पेडल सगळ्यात खाली असताना पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर त्या उंचीच्या सुमारे १०९ टक्के असतं, पण ते शर्यतीचं माप झालं. तीनचाकीवर थांबताना उतरावं लागत नाही, त्यामुळे या मापाच्या जवळ जाता येतं, तरी वयस्क माणसासाठी दोन-तीन सेंटीमीटर कमीच ठेवा. क्रँक (पेडलचा दांडा) ज्या मध्याभोवती फिरतो त्यापासून खोगिराचं नाक थोडं मागे येऊ द्या. जुना खुर्चीचा घाट दिसायला हवाच असेल तर मागे बुटकी पाठ द्या, पण बसायचा भाग खोगिराचाच ठेवा.

मग वळणाचा हिशेब करा. तीनचाकी कलत नाही, म्हणून तो आधी करायचा असतो. दोन मागच्या चाकांत ८० सेंटीमीटर, पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये एक मीटर, माणसासकट गुरुत्वमध्य एक मीटर उंच आणि मागच्या एक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे असं धरा. उलटण्याची रेषा पुढच्या चाकापासून मागच्या एका चाकाकडे तिरकी जाते, त्यामुळे कामी येणारी अर्धी रुंदी ४० नसून फक्त २८ सेंटीमीटर आहे. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ही गाडी ताशी १९ किलोमीटरला उलटायला येते. गुरुत्वमध्य ८० सेंटीमीटरवर आणला तर २१. शिवाय तो मागे घेऊन एक्सलच्या फक्त २० सेंटीमीटर पुढे ठेवला तर साडेबावीस. पण तेव्हा पुढच्या चाकावर एकूण वजनाच्या फक्त २० टक्के भार राहतो, आणि जोरकस चढावर पुढचं चाक उचलायला लागतं. साल्व्होला मागे उलटू नये म्हणून शेपटाला एक छोटं चाक लावत ते याच कारणाने. मी ३० टक्क्यांच्या आसपास थांबतो आणि उंची कमी करण्यावर भर देतो.

नळ्यांबाबत एक हिशेब लक्षात असू द्या. पातळ नळीचा व्यास सव्वापट केला आणि जाडी तीच ठेवली तर वजन सव्वापट होतं, पण वाकायला आणि पिळायला होणारा विरोध जवळपास दुप्पट होतो. म्हणून जाड पत्र्याची बारीक नळी घेऊ नका, पातळ पत्र्याची मोठी घ्या. त्या काळी ओढून केलेल्या बिनजोडाच्या पोलादी नळ्या मिळू लागल्या तेव्हा फ्रेम हलक्या झाल्या. त्याआधीच्या नळ्यांना लांबीभर जोड असे आणि पिळाखाली तो उकले. पुढच्या त्रिकोणापासून मागच्या आडव्या नळीकडे दोन तिरक्या नळ्या जाऊ द्या, तिथेच पिळ अडतो. जोड लग (नळ्यांची टोकं बसवायच्या खोबणी) आणि पितळी ब्रेझिंगचे (पितळ वितळवून सांधलेले) असतील तर जुन्या घाटाला शोभतात आणि पुढे नळी बदलता येते.

चाकांकडे दुर्लक्ष होतं. दुचाकीचं चाक कलून वळतं म्हणून त्याच्यावर आडवा जोर फार येत नाही. तीनचाकीचं चाक प्रत्येक वळणावर आडवा मार खातं. म्हणून रुंद फ्लँजचा (आरे अडकवायच्या कडांचा) हब, ३६ आरे आणि आऱ्यांची तिरकी ओढ हवी. ही तिरकी ओढही स्टार्लीचीच, १८७४ ची. आरे सैल असतील तर रिम पहिल्याच पावसाळ्यात पिळते.

पुढचा चिमटा दुचाकीसारखा जसाच्या तसा लावू नका. चिमट्याच्या वळणाची रेषा जिथे जमिनीला मिळते त्याच्या मागे टायर जितका टेकतो त्या अंतराला ट्रेल म्हणतात. दुचाकीला सरळ ठेवायला तो ५५-६० मिलिमीटर चालतो. तीनचाकी स्वतः उभी असते, तिला एवढा नको. ३०-४० मिलिमीटर पुरे, नाहीतर कडेला उतरत्या रस्त्यावर हँडल सतत गटाराकडे ओढतं आणि मनगटं दुखतात. मूळ गाड्यांत एक्सलवरच्या ड्रमला पट्ट्याचा ब्रेक असे आणि डिफरन्शिअलमुळे तो दोन्ही चाकांना सारखा लागे. तसा करता आला तर उत्तमच, नाहीतर मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक एका मुठीवर आणा आणि पुढचा वेगळा ठेवा. एकाच मागच्या चाकाला ब्रेक असला की गाडी फिरते.

आपल्याकडच्या सायकल रिक्षाकडे पाहिलं तर हे सगळे जुने प्रश्न अजून जिवंत दिसतात. नागपुरात वर्षानुवर्षं फिरलेल्या रिक्षा म्हणजे पुढे दुचाकीची फ्रेम, तिला मागे जोडलेला सांगाडा, आणि जोर मागच्या एकाच चाकाला. चालकाची सीट मात्र दुचाकीचीच, मागे दोन माणसं ओढण्याच्या दृष्टीने तिचा विचार झालेलाच नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सुधारित रिक्षा केली तेव्हा गिअर, मागच्या चाकांचे ब्रेक आणि लांबलचक चेन आखूड करणं यांवर काम झालं. चालकाच्या शरीरावरचा भार हा यंत्राचा दोष मानून तो दुरुस्त करायचा, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. रोज आठ-दहा तास ज्याच्या गुडघ्यावर ते यंत्र चालतं त्याला हौशी माणसापेक्षा चांगल्या मांडणीची गरज जास्त आहे.

तुमच्या हाती खरोखरची जुनी गाडी असेल तर वरचं काही तिच्यावर करू नका. जोड असलेली जुनी नळी वेल्डिंगच्या झळीने उकलते, आणि मूळ गादी एकदा फाडली की त्यातल्या भरणाचा पुरावा जातो. मापं घ्या, फोटो काढा आणि नवी वेगळी बांधा.

रंग लावण्याआधी फ्रेमची परीक्षा घ्या. मागची दोन्ही चाकं शिकंज्यात पक्की धरा, पुढच्या चाकाला कोणी धरून ठेवू दे, आणि क्रँक आडवा ठेवून एका पेडलवर उभे राहा. बीबीपासून (क्रँकचा आस ज्या आखूड नळीत फिरतो तिच्यापासून) खाली ओळंबा सोडा आणि तो किती सरकतो ते जमिनीवर खडूने आखा. मग दुसऱ्या पेडलवर उभे राहा. दोन खुणांत बोटभर अंतर असेल तर तिरक्या नळ्या कमी पडताहेत. दोन्ही बाजूंचं सरकणं वेगवेगळं असेल तर कुठला तरी जोड नीट भरलेला नाही. तो शोधून पुन्हा ब्रेझ करा.